राळेगावचा ‘ळ’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी राळेगावचा. यवतमाळ जिल्ह्यातला तालुका, कापसाचा मुलूख. कविता लिहितो, पण कवितेवर चूल पेटत नाही, म्हणून पोटासाठी पेंटर झालो. घरं रंगवणारा नव्हे, अक्षरं काढणारा. दुकानांच्या पाट्या, जिनिंगच्या भिंती, शाळांतले सुविचार, ट्रकच्या मागच्या फळ्या, आणि निवडणूक आली की सगळ्याच पक्षांच्या घोषणा. १९९० साली बी.ए. झालो तेव्हा वाटलं होतं, नोकरी मिळेल. मिळाला तो ब्रश. ‘मुसलमान असून मराठी इतकं चांगलं कसं लिहिता हो?’ असं अजूनही कुणीतरी विचारतं. मी म्हणतो, बाप्पा, अर्ध्या तालुक्याच्या भिंतींवरचं मराठी मीच लिहिलं, तेच वाचून तुम्ही मोठे झाले.

पण आज कवितेबद्दल बोलायचं नाही. आमच्या मागच्या पडवीत एक यंत्र आहे, त्याबद्दल सांगायचं आहे. ते आम्ही घरी बनवलं. आम्ही म्हणजे माझा पुतण्या, मी, आणि जरा उशिरानं, नाराजीनंच, माझे थोरले भाई.

या यंत्राला सीएनसी राउटर म्हणतात. नाव मोठं आहे, गोष्ट सोपी आहे. राउटर सुतारांना माहीत असतो. हातात धरायचं विजेचं हत्यार, त्याच्या टोकाला गरगर फिरणारं पातं, ज्याला ते बिट म्हणतात. त्यानं लाकडात खाच पाडायची, काठाला गोलाई द्यायची. आता समजा, हे हत्यार माणसानं धरण्याऐवजी तीन मोटरींनी धरलं. एक मोटर डावी-उजवीकडे नेते, दुसरी पुढे-मागे, तिसरी वर-खाली. आणि या तिघींना कधी किती फिरायचं ते संगणक सांगतो. झालं यंत्र. संगणकाची भाषाही अगदी रोकडी. ‘जी शून्य’ म्हणजे न कापता झटकन जा. ‘जी एक’ म्हणजे कापत सरळ जा. ‘जी दोन’ म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळ, ‘जी तीन’ म्हणजे उलट वळ. सोबत आकडे. विशेषण एकही नाही. कवीनं एकदा वाचून पाहावी अशी भाषा आहे.

ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाचे एक कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवत. पात्याचं वळण हातानं अचूक येईना, म्हणून आकड्यांवर चालणारं यंत्र त्यांना सुचलं. पुढे एमआयटी या संस्थेनं १९५२ मध्ये असं यंत्र चालवून दाखवलं. त्याला आज्ञा मिळत त्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून, आणि त्या आज्ञा समजून घेणारी यंत्रणा व्हॉल्व्हच्या दिव्यांनी भरलेली, कपाटांएवढी होती. पैसा हवाई दलाचा. आज तेच काम तळहातावर मावणारी एक इलेक्ट्रॉनिक पाटी करते आणि ती काही शे रुपयांत मिळते. अर्डुइनो तिचं नाव. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावात ती विद्यार्थ्यांसाठी तयार झाली. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कोग्सरूड या नॉर्वेच्या माणसानं त्या पाटीवर चालणारा एक प्रोग्राम लिहिला आणि जगाला फुकट देऊन टाकला. ग्रबल म्हणतात त्याला. आमच्या पडवीत जे चालतं ते यांच्यावर.

आता मी यात कसा पडलो ते सांगतो, कारण यंत्रांशी माझं बरं नव्हतं.

आमच्या भागात फ्लेक्स आला तो २००५ च्या आसपास. मला एक पाटी करायला दोन दिवस लागायचे. पत्रा घासा, प्रायमर मारा, दोरी आपटून रेघा पाडा, मग अक्षर. फ्लेक्सवाला तासाभरात द्यायचा, वर साहेबांचा फोटो फुकट. पहिल्या वर्षी मी हसलो. म्हटलं, उन्हानं उडून जाईल. उडून जायचाच, पण इतका स्वस्त होता की लोक दुसरा लावायचे. चार वर्षांत माझे ब्रश घासलेटाच्या डब्यात तसेच कडक झाले आणि मी जिनिंगमध्ये हंगामी कारकून म्हणून कापसाच्या गाड्यांची वजनं लिहू लागलो. अक्षर चांगलं होतं म्हणून घेतलं, असं मालक म्हणाले. ते यंत्र मी आतून कधी पाहिलं नाही. काचेपलीकडे चालायचं, आपण अलीकडे उभं राहायचं.

माझे अब्बा सुतार होते. भाईंनी तोच धंदा चालवला. सागवानाच्या चौकटी, दारं, दारावर वेलबुट्टी. त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, दहावीला जेमतेम सुटला. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याला पाबळला पाठवला.

पाबळबद्दल थोडं सांगायला हवं. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, पावसाची वानवा असलेलं हे गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ हिंदुस्थान लिव्हरमधली मोठी नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या पोरांना हातानं काम करत करत विज्ञान शिकवायचं, ही त्यांची पद्धत. वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती, जनावरं, सगळं. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या मदतीनं तिथे फॅब लॅब उभी राहिली. संगणकावर चालणारी, कापणारी-कोरणारी यंत्रं असलेली कार्यशाळा. एमआयटीच्या बाहेर जगात ज्या पहिल्या फॅब लॅब निघाल्या त्यांत पाबळ आहे. बोस्टननंतर पाबळ! आपल्याकडे हे किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रम चालू आहे. माझा पुतण्या तिथे एक वर्ष राहिला आणि २०१६ मध्ये परतला तेव्हा त्याला वेल्डिंग येत होतं, वायरिंग येत होतं, आणि मुख्य म्हणजे बंद खोक्याची भीती गेली होती. घरातला मिक्सर बिघडला की आधी पेचकस.

२०१९ च्या पोळ्याच्या सुमाराला तो माझ्याकडे आला. “चाचा, मशीन बनाते हैं.” भाईंनी त्याला आधीच वाटेला लावलं होतं. “पैसा क्या पेड़ पे लगता है?” माझ्याकडे पस्तीस हजार रुपये होते. दुसऱ्या कवितासंग्रहासाठी साठवलेले. आमच्यासारख्यांचे संग्रह कसे निघतात ते कवींना माहीत आहे, बाकीच्यांनी विचारू नये. ते पैसे मी दिले. पुतण्यावरच्या मायेपोटी दिले असं सगळे समजतात. खरं सांगू? ज्या जातीच्या यंत्रानं माझा धंदा खाल्ला, ते मला एकदा आतून पाहायचं होतं.

पहिलं यंत्र म्हणजे गरिबाचा संसार होता. सांगाडा प्लायवुडचा. सरकण्यासाठी कपाटाच्या ड्रॉवरला लावतात ते चॅनेल. मोटरी नागपूरच्या भंगारातून आणलेल्या जुन्या प्रिंटरमधल्या. या मोटरी पावलापावलानं फिरतात, एका फेऱ्यात २०० पावलं, म्हणून त्यांना स्टेपर म्हणतात. आणि पुढे सरकवायला हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती आठ मिलिमीटरची, लांबभर आटे असलेली सळई. एक फेरा झाला की सव्वा मिलिमीटर पुढे. म्हणजे मीटरभर जायला ८०० फेरे! बैलगाडी परवडली.

आधी राउटर लावलाच नाही, त्याच्या जागी बॉलपेन बांधला. शहाणपणाची गोष्ट, पेन चुकला तर कागद जातो, बिट चुकलं तर बोट. पहिला शब्द कोणता? गावाचं नाव. यंत्र कुंथत कुंथत निघालं. ‘रा’ आला. ‘ळे’ आला. आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ‘ळ’ची दोन्ही पोटं उघडी. पेन जिथून निघाला तिथे परत पोचलाच नव्हता. अर्धा मिलिमीटर फट. ‘गा’ ठीक होता, ‘व’चा गोल पुन्हा उघडा.

रेडिओवर अक्षर कसं दाखवू? पण ‘ळ’ तुमच्या डोळ्यांसमोर आहेच. माझ्या आईला तो बोलता येत नसे. आमच्या घरची बोली दखनी, तिच्यात ‘ळ’ नाही. ती आयुष्यभर ‘रालेगाव’ म्हणाली. मी पाटीवर ‘ळ’ काढायला शिकलो तो बाहेर, गुरुजींकडून छड्या खाऊन. त्यामुळे त्या अक्षराशी माझं जरा जवळचं नातं आहे. यंत्रानंही नेमकं तेच अडवून धरावं!

कारण शोधायला पंधरा दिवस गेले. सळईचे आटे आणि त्यावरचं नट यांच्यात केसाएवढी मोकळीक असते. कारखान्यातली माणसं त्याला ‘प्ले’ म्हणतात. मोटर उलट फिरली की पहिले काही क्षण ती मोकळीक भरण्यातच जातात. सळई फिरते, पण पेन जागचा हलत नाही. सरळ रेघेत हे कळत नाही. गोलात दिशा सारखी बदलते आणि चोरी उघडी पडते. उपाय साधा निघाला. एकाऐवजी दोन नट, मध्ये स्प्रिंग, म्हणजे एक पुढच्या आट्याला रेटून राहतं, दुसरं मागच्या. ‘ळ’ मिटला. त्या रात्री पुतण्यानं आणि मी जिलबी खाल्ली. भाई दुकानातून आले, कागद पाहिला, म्हणाले, “पेन से तो तू खुद लिख लेता था, छोटे.” बरोबरच होतं.

मग मार्च २०२० आला आणि सगळंच थांबलं. जिनिंग बंद, भाईंचं दुकान बंद, कुरिअर बंद. मागवलेली बिटं मुंबईतच अडकली. हातात फक्त तेच पेनवालं यंत्र. त्या दिवसांत मी अक्षरं पुन्हा काढायला बसलो. संगणकातले तयार फॉन्ट मला पटत नव्हते. त्यांतले बरेचसे हिंदीच्या वळणाचे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळे असतात हे ते विसरतात, आणि ‘ळ’ तर कोपऱ्यात कोंबल्यासारखा. मी कागदावर ब्रशनं संपूर्ण बाराखडी काढली. पुतण्यानं मोबाइलवर फोटो घेतले, आणि इंकस्केप नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये त्यांची वळणं बसवायला मला शिकवलं. वळण बिंदूंनी ठरतं. माझ्या पहिल्या ‘ळ’ला चौसष्ट बिंदू लागले आणि यंत्र प्रत्येक बिंदूशी दचकायचं, रेघ थरथरीत. कमी करत करत चौदावर आणला तेव्हा रेघ वाहू लागली. हे मला नवीन नव्हतं. उस्ताद सांगायचे, ब्रश जितका कमी वेळा उचलशील तितकं अक्षर बरं.

दुसरं यंत्र २०२१ चं. प्लायवुड पावसाळ्यात फुगलं होतं, त्यामुळे या वेळी लोखंडाचा चौकोनी पाइप घेतला. पुतण्यानंच वेल्डिंग केलं. दोन फूट बाय तीन फूट. ड्रॉवरच्या चॅनेलऐवजी पोलादी रूळ, त्यावर छर्ऱ्यांच्या गाड्या. सळईऐवजी एका फेऱ्यात आठ मिलिमीटर पळणारा स्क्रू. मोटरी जाड, नव्या. सगळं झकपक. फक्त चौकोन काढला की तो पतंगासारखा तिरपा यायचा. पुतण्या संगणकात चूक शोधत होता. चार रात्री शोधत होता.

पाचव्या दिवशी भाई पडवीत आले. बोलले काही नाहीत. खिशातून सुतळी काढली, सांगाड्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, गाठ मारली. मग तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरली. गाठ चार मिलिमीटर बाहेर. चौकट काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण सारखे पाहिजेत, ही सुताराच्या पोराला पहिल्या वर्षी शिकवतात. वेल्डिंग थंड होताना लोखंड ओढलं गेलं होतं. “तुम्हारी मशीन लंगड़ी है,” एवढं बोलून भाई चहा प्यायला गेले. पुतण्यानं एक जोड कापला, भाईंनी शिकंजा लावून ओढलं, पुन्हा टाके मारले. त्या दिवसापासून भाई पडवीतून जाताना थांबू लागले. कौतुक नाही, फक्त थांबायचे.

आता एक फजिती सांगतो. पुतण्याला राग येईल, पण सांगतो. २०२२ च्या उन्हाळ्यात एका निवृत्त शिक्षकांनी घरासाठी नावाची पाटी सांगितली. तीन फूट, सागवानाची. भाईंनी खाटेखाली सहा वर्षं वाळवत ठेवलेली फळी काढून दिली. अशी फळी आता पैसे मोजून मिळत नाही. अक्षरं माझी. काम दोन तासांचं. शेवटची दहा मिनिटं उरली आणि वीज गेली. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाणं ही बातमी नव्हे. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला, यंत्र मेलं. वीज आल्यावर यंत्राला आपण कुठे होतो तेच माहीत नाही. त्याला डोळे नसतात. शून्यापासून पावलं मोजत ते चालतं, आणि मोजणी विसरलं की आंधळं. पुतण्यानं अंदाजानं शून्य लावलं आणि सुरू केलं. अक्षरांवर अक्षरं कोरली गेली, अडीच मिलिमीटर सरकून. नशेत लिहिल्यासारखी.

भाईंनी फळी उचलली. मला वाटलं, आता संपलं सगळं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती उलटी केली, कापली, रंधा मारला आणि खाली दोन पट्ट्या ठोकून बसायचा पाट केला. भाभी त्यावर बसून भाकऱ्या करतात. खाली त्या गुरुजींचं दुहेरी नाव आहे. त्यांना दुसरी फळी विकत आणून पाटी करून दिली, तिच्यात आम्हाला तोटाच झाला.

त्यानंतर तिन्ही बाजूंना छोटी बटणं बसवली. सुरू झालं की यंत्र आधी स्वतःहून कोपऱ्यात जाऊन त्या बटणांना टेकतं, आणि तिथून मोजतं. अंधारात माणूस भिंत चाचपून दार शोधतो तसं. वीज गेली तरी आता त्याच केसावर परत येतं.

भुशाचंही सांगायला हवं, कारण आमच्याकडे ते कुणी मनावर घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाचा बारीक भुसा माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत धरला आहे. एमडीएफच्या भुशात वरून गोंदाचं रसायन. अब्बा शेवटची दहा वर्षं खोकत होते, आम्ही विडीला दोष देत राहिलो. हाताची पटाशी भुसा करत नाही, ढलप्या काढते. हे यंत्र पिठासारखी धूळ उडवतं. आता बिटाच्या बाजूला नळी आहे, नळीपुढे शोषून घेणारं यंत्र, आणि मास्क लावल्याशिवाय पडवीत यायचं नाही असा मी नियम केला आहे. भाई तो पाळत नाहीत.

तिसऱ्यांदा हात घातला २०२३ मध्ये. हातराउटर अर्ध्या तासात तापून बंद पडे, म्हणून दीड किलोवॅटचा स्पिंडल आणला. मिनिटाला २४ हजार फेरे, आणि आवाज फारसा नाही. आटे फिरवायला बॉल स्क्रू आले. त्यांच्या नटात छर्रे असतात, प्ले जवळजवळ नाही. या स्पिंडलला वेग देणारं एक खोकं लागतं. ते सुरू केलं की आमचं यंत्र झपाटल्यासारखं मध्येच थांबायचं. शेजारी म्हणाला, “काही बाहेरचं तर नाही ना बे?” बाहेरचंच होतं. त्या खोक्यातून निघणारे विजेचे तरंग बटणांच्या वायरींत शिरत होते, आणि यंत्राला वाटे आपण कडेला टेकलो. जाळीदार आवरणाच्या वायरी घातल्या, अंगणात खड्डा करून कोळसा-मीठ टाकून नवं अर्थिंग केलं, भूत उतरलं.

स्पिंडल पाण्यानं थंड होतो. आत नळी फिरवतात, बादलीतून पाणी खेळवायचं. मे महिन्यात आमची बादलीच इतकी तापते की त्यात डाळ शिजेल. तेव्हा भाभींनी आपला जुना रांजण दिला. सावलीत, ओल्या वाळूवर ठेवलेला. पाणी मातीतून पाझरतं, गार राहतं. संध्याकाळी थोडं भरून ठेवायचं, बस. ही सुधारणा मात्र कुठल्या देशातून आलेली नाही.

हे सगळं ऐकून वाटेल की आता आमची भरभराट झाली असेल. तसं नाही. तयार मिळणारी, आठ बाय चार फुटांची यंत्रं मोठ्या गावांतून आली आहेत, आणि जाळ्या फुटाच्या भावानं कापून देतात. त्यांच्यापुढे आमचं टिकत नाही. आमच्याकडे लोक येतात ते अक्षरांसाठी, देवघराच्या महिरपीसाठी, कधी मशिदीतल्या एखाद्या फळीसाठी. लग्नसराईत पुतण्याला उसंत नसते, पावसाळ्यात तो पुन्हा फाटकं वेल्ड करतो.

आणि एक प्रश्न आहे, तो मला सोडत नाही. माझा एक जुना जोडीदार, माझ्यापेक्षा सरस पेंटर. फ्लेक्सनंतर तो हमालीला लागला. मागच्या वर्षी तो यंत्र पाहायला आला. बराच वेळ पाहिलं. माझंच अक्षर सागवानात उतरत होतं. म्हणाला, “छान आहे. आता सुताराची पाळी काय?” मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, म्हणजे उत्तर नव्हतंच.

वर्धा नदीच्या पलीकडे वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, गांधीजींनी १९३८ मध्ये सुरू केलेलं. तिथले चरखे पाहताना मला दरवेळी १९२९ ची गोष्ट आठवते. चांगल्या चरख्यासाठी गांधीजींच्या चरखा संघानं तेव्हा एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. म्हणजे गांधीजी यंत्राच्या विरोधात होते असं जे आपण सहज म्हणतो, ते तितकंसं खरं नाही. अट अशी की किंमत १५० रुपयांच्या आत हवी, आणि घरातल्या बाईला आठ तास न दमता चालवता यावा. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. आमचं यंत्र त्या अटींत बसत नाही, मला माहीत आहे. त्यातल्या मोटरी परदेशी, बिटं परदेशी. पण बिघडलं तर ते आमच्या पडवीत दुरुस्त होतं आणि भाभींच्या रांजणावर चालतं. फ्लेक्सचं यंत्र बिघडायचं तेव्हा माणूस पुण्या-मुंबईहून यायचा. जोडीदाराच्या प्रश्नाचं हे उत्तर नाही, एवढंही मला कळतं.

राहिली गोष्ट भाईंची. बिट गोल फिरतं, त्यामुळे आतला कोपरा ते कधीच टोकदार काढू शकत नाही. सहा मिलिमीटरचं बिट असेल तर कोपऱ्यात तीन मिलिमीटरची गोलाई राहणारच. लाखाचं यंत्र आणा, राहणारच. चौकटीत चौकट बसवायची तर तो कोपरा हातानं काढावा लागतो. हे पुतण्यानं भाईंना सांगितलं नाही, भाईंनीच एकदा जाताना पाहिलं. आत गेले, पटाशी घेऊन आले, दोन ठोक्यांत कोपरा चोख. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, बोटांना थोडा कंप आहे, वेलबुट्टी त्यांच्याच्यानं होत नाही. पण कोपरे तेच काढतात. कुठली फळी घ्यायची, रेषा कुठून कुठे जाते, बिट कोणत्या अंगानं शिरलं तर लाकूड उकलेल, हेही तेच सांगतात, आणि पुतण्यानं ऐकलं नाही तर अजून शिव्या देतात.

पुतण्याला आता चौथी मोटर बसवायची आहे, गोल लाकूड फिरवत कोरायला. पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब. त्यानं पुन्हा पैशाचा विषय काढला आहे. माझा संग्रह काही निघालेला नाही.

असो. इथे ध्वनिमुद्रण झालं की मला यवतमाळच्या बाजारात जायचं आहे. भाईंनी सकाळी चिठ्ठी दिली आहे, उर्दूत, पेन्सिलीनं. सहा एमएमची बिटं, दोन. पटाशीला धार लावायचा दगड, एक.